राखून ठेवलेला उजेड

फेब्रुवारी सरत आला की आमच्या गल्लीतला कडुनिंब पानं गाळायला लागतो, दुपारच्या वाऱ्याला धार येते, आणि काही कारण नसताना मला एक आंबूस, नाकात झोंबणारा वास यायला लागतो. बॅटरीतल्या तेजाबाचा. घरात आजही बॅटरी आहे, पण ती बंद खोक्यातली, तिला वास नाही. हा वास माझ्या मॅट्रिकच्या वर्षाचा आहे. कुणाच्या परीक्षेला आंब्याच्या मोहोराचा वास असतो, कुणाच्या परीक्षेला नव्या शाईचा. माझ्या परीक्षेला तेजाबाचा आहे, आणि त्यात मिसळलेला ताज्या सरकीचा.

परवा संध्याकाळी वीज गेली. नात बारावीच्या अभ्यासाला बसली होती. इन्व्हर्टरवर बराच वेळ निभावलं, मग त्यानं बारीक शिट्टी वाजवली आणि दिवा, पंखा सगळं एकदम थांबलं. नात वैतागली. बॅटरीत अजून असतं म्हणाली, हा उगाच आधी बंद पडतो, मैत्रिणीच्या भावाला सांगून ती भानगड काढून टाकू. मी म्हटलं, असतं गं, म्हणूनच बंद होतो. पुढचं ऐकायला तिला वेळ नव्हता. मोबाइलचा उजेड घेऊन ती गॅलरीत गेली. मी अंधारात तशीच बसून राहिले, आणि फार बरं वाटलं. कुणीतरी, एखादं यंत्र का असेना, वेळेवर हात आखडता घेतंय, याचं बरं वाटलं.

हिंगणघाटला वणा नदीच्या अंगानं आमचा मोहल्ला होता. मोहल्ला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्याला वर्ष उलटलं होतं. घराघरांतून देव्हारे निघाले होते आणि भिंतींवर त्या जागी नव्या चुन्याचे चौकोन दिसत होते, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरे. मोठ्या माणसांनी त्या वर्षभरात एकच गोष्ट घट्ट धरली होती, पोरं शिकली पाहिजेत. ज्यांना सही करता येत नव्हती ते लोक संध्याकाळी आम्हाला हटकायचे, पुस्तक कुठं आहे म्हणून. विहार म्हणजे टिनाच्या छपराची लांबट खोली. सकाळी तिथं वंदना व्हायची आणि दिवे लागले की ती आमची अभ्यासाची खोली. त्या वर्षी मोहल्ल्यातून मॅट्रिकला बसणारे आम्ही सहा जण होतो. पाच मुलगे आणि मी.

कापसाचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम आमच्याकडे हातात हात घालून येतात. गाड्यांच्या रांगा, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनाची दिवसभराची घरघर, हवेत तरंगणारी रुई. माझी माय आणि मोहल्ल्यातल्या निम्म्या बाया जिनात कामाला. संध्याकाळी त्या परतायच्या तेव्हा केसांवर, भुवयांवर पांढरी रुई बसलेली असायची, लुगड्याच्या निऱ्यांतून सरकी गळायची. आम्ही लहानपणी त्या सरक्या वेचून खेळलो. गाईला घालायच्या, गोट्यांसारख्या मांडायच्या, चुलीत टाकून तडतड ऐकायची. सरकी आमच्या घरात मिठासारखी होती, कुठंही सापडायची.

विजेचे खांब बाजारापर्यंत आले होते, मोहल्ल्यापर्यंत नाही. आधी आम्ही एका कंदिलाभोवती डोकी घालून बसायचो. सहा डोक्यांच्या सावल्या एकमेकांच्या वह्यांवर पडायच्या. मग एका लॉरीवाल्यानं आपली जुनी बॅटरी देऊन टाकली, तिला मोटारीचा बल्ब जोडला, वर डालड्याच्या डब्याची टोपी केली, आणि एका संध्याकाळी त्या खोलीत असा उजेड पडला की मला माझ्याच अक्षराची लाज वाटली. इतकं वेडंवाकडं लिहीत होते हे तोवर दिसलंच नव्हतं.

ती बॅटरी आम्ही दिवाळीपर्यंत संपवली. संपवली म्हणजे अगदी संपवली. दिवा पिवळा व्हायचा, मग तांबूस, मग विडीच्या टोकासारखा नुसता लाल. तरी आम्ही पुस्तक बल्बाजवळ नेऊन वाचायचो. त्या लाल तारेच्या उजेडात भूमितीचा एक सिद्धान्त उरकल्याचा आम्हाला अभिमान होता. आमच्या घरांतली शिस्तच तशी होती. ताटात शीत उरता कामा नये, कंदिलात थेंब उरता कामा नये, पेन्सिल चिमटीत मावेनाशी होईपर्यंत टाकायची नाही. काही उरू न देणं यालाच आम्ही जपून वापरणं म्हणत होतो. बॅटरीच्या बाबतीत ही शिस्त उलटी पडते हे आम्हाला कसं कळावं?

कळलं ते किसनमामाकडून. माझ्या मायचा हा धाकटा भाऊ जिनातल्या विजेच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचा. बोलण्यात त्याच्या वरचढ कुणी नव्हतं. नागपूरचा इंजिनिअर आपल्याला विचारल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही, असं तो सांगायचा. त्यातलं निम्मं खोटं असावं, पण त्याचे हात खरे होते. त्यानं बॅटरीचं झाकण काढून आम्हाला आत पाहायला लावलं. शिशाच्या पट्ट्यांवर पीठ उधळल्यासारखं पांढरं बसलं होतं.

"बॅटरी मेली नाई," मामा म्हणाला, "तुमी मारली. पार तळापर्यंत पिळली तिले. आता भरली तरी भरत नाई."

आम्ही माना खाली घातल्या. माय शेजारी उभी होती. तिनं विचारलं, तळापर्यंत म्हणजे काय, त्यात आहे ते वापरायचं नाही तर ठेवायचं कुणासाठी? मामानं प्लेटा, तेजाब, व्होल्ट असं पुष्कळ सांगितलं. मायनं ते सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या माहेरी गाय होती त्याची आठवण काढली. शेवटची धार वासराची, ती काढली तर पुढच्या वर्षी गायही नाही आणि वासरूही नाही. असंच का हे? मामाला आपलं व्याख्यान इतक्या थोडक्यात आटोपलेलं आवडलं नाही, पण त्याला हो म्हणावं लागलं.

दुसरी बॅटरी मोहल्ल्यानं मिळून घेतली. त्यामुळं ती कुणा एकाची नव्हती आणि तिची काळजी सगळ्यांची होती. मामानं या वेळी अट घातली. बॅटरीला कटौट लावणार, तरच भरून देणार. कटौट हा त्याचा शब्द, म्हणजे कट-आउट. जिनाच्या हापिसात चपराशाला बोलावायची विजेची घंटी होती, ती बिघडून अडगळीत पडली होती. मामानं ती मागून आणली, वाजणारी वाटी काढून टाकली आणि आतलं लोहचुंबक ठेवलं. बॅटरीत पुरेसा जोर आहे तोवर चुंबक एक लोखंडी पट्टी धरून ठेवणार. पट्टी धरलेली आहे तोवर दिवा जळणार. जोर ठरवलेल्या हद्दीखाली उतरला की चुंबकाची पकड सुटणार, बारीक स्प्रिंग पट्टीला मागं ओढणार आणि दिवा बंद होणार. मग बोटानं कितीही दाबा, बोट काढलं की पट्टी परत मागं. जिनातून मीटर आणून मामा कित्येक संध्याकाळी त्या स्प्रिंगचा स्क्रू पिळत बसला. एवढासा पीळ जास्त झाला तर दिवा लवकर जायचा, कमी झाला तर जायचाच नाही. अखेर त्याचं समाधान झालं. सागाच्या डबीत ते सगळं बसवून त्यानं डबी दाराजवळच्या भिंतीवर ठोकली.

दाराजवळ सखुमावशी बसायची. ती नात्यानं कुणाची मावशी नव्हती, सगळ्यांची होती. एकटी बाई, जिनात सरकी चाळायची. मुलांमध्ये एक मुलगी अभ्यासाला बसणार म्हणून मोठी बाई दारात हवी, असं ठरलं तेव्हा ती आपण होऊन पुढं आली होती. रोज संध्याकाळी खांबाला टेकून ती बसायची, पाय पसरायची, लुगडं झटकायची आणि आमचं पाठांतर ऐकायची. मामानं पट्टी दाबायचं काम तिलाच दिलं, कारण पोरांच्या हाती दिलं तर ती खेळत बसली असती. ती दिव्याचं बटण लावायची, पट्टी दाबून धरायची, हळूच बोट काढायची, आणि पट्टी राहिली की आमच्याकडे अशी पाहायची, जणू तिनंच उजेड पाडला. पाडतच होती.

कटौट पहिल्यांदा सुटला तेव्हा आम्ही बीजगणित करत होतो. आधी काहीच सूचना नाही. दिवा चांगला पांढरा होता, आणि 'टक' असा आवाज होऊन खोली नाहीशी झाली. मग मुलांपैकी कुणीतरी हसलं, भीतीनंच हसलं असेल. बाहेर विहाराच्या ओट्यावर बसलेल्या माणसांना मात्र एवढंच कळलं, की आत काळोख झाला आणि कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी नळावर माझ्या मागं बायांचं बोलणं थांबलं. मी वळले तेव्हा एक जण घागर विसळत होती आणि दुसरी आभाळ बघत होती.

विहाराचं काम बघणारे लहानूजी संध्याकाळी आमच्या घरी आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. मी शिकावं यासाठी जे मोजके लोक बोलले होते त्यांत ते होते, म्हणून त्यांचं येणं मला जास्तच लागलं. ते बराच वेळ कापसाच्या भावाबद्दल बोलले. बाबा मिलमध्ये पाळीवर होते, माय एकटी ऐकत होती. शेवटी ते मुद्द्यावर आले.

"पोट्टी हुशार हाय, मी नाई कायले मनू? पन अंदारात पाच पोट्टे अन् एक पोट्टी. बस्तीत कोनी बोललं तं मी कोनाकोनाचं तोंड धरू? एक डाव झालं थे झालं. पुन्हा तसा अंदार झाला तं प्रमिला घरीच बसन."

मायनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, पुन्हा होणार नाही. कसं होणार नाही ते तिलाही माहीत नव्हतं.

घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमची एक खोली. एक चिमणी, ती चुलीपाशी. धाकटी भावंडं, पलीकडं आजारी काका, त्यांचा खोकला. घरी बसणं म्हणजे परीक्षेला न बसणं, एवढा साधा हिशेब होता. मोहल्ल्यातली एकही मुलगी तोवर मॅट्रिकपर्यंत पोचली नव्हती. मी गळाले असते तर पुढच्या मुलींच्या बापांना एक उदाहरण मिळालं असतं.

मामाला हे सांगितलं तर तो चिडला. दिवा सुटतो म्हणजे कटौट बरोबर चालतोय, लोकांना अक्कल नाही त्याला तो काय करणार? कटौट काढून टाकणार नाही म्हणाला, मग भले बॅटरी उचलून न्या. त्याचं बरोबर होतं. लहानूजींचंही, त्यांच्या बाजूनं, बरोबर होतं. माझ्या आयुष्यात नंतरही असे प्रसंग आले, जिथं दोन बरोबर माणसांच्या मध्ये मी उभी होते, आणि प्रत्येक वेळी मला ती सागाची डबी आठवली.

बॅटरी जिनातून भरून आली आणि मामा कामासाठी पुलगावच्या मिलमध्ये गेला. त्यानंतरच्या संध्याकाळी आठवतात त्या फार उजळ आहेत. होळी जवळ आलेली, नदीपलीकडच्या पळसांना आग लागल्यासारखी फुलं, आत पांढरा उजेड आणि आमचा मोठ्या आवाजातला इतिहास. मी रोज भिंतीवरच्या डबीकडे बघायची. आज सुटेल का? आता सुटेल का? एक डोळा पुस्तकावर, एक पट्टीवर. कानात तो 'टक' सारखा वाजायचा, पण प्रत्यक्षात वाजत नव्हता. कटौट सुटायचा दिवस आला आणि गेला. आम्हाला वाटलं, या वेळी बॅटरी चांगली भरली असेल. मुलं म्हणाली, किसनमामाच्या कटौटला आता आमची सवय झाली.

मग एका संध्याकाळी दिवा पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी तांबूस. त्याच्या दुसऱ्या दिवशी विडीच्या टोकासारखा लाल, आणि मग काहीच नाही. काळोख एकदम न येता हळूहळू आला, त्यामुळं कुणी काही बोललं नाही, आणि मी घरीही बसले नाही. आम्ही कंदील लावला आणि मामाची वाट बघत राहिलो. बॅटरी तशीच रिकामी कोपऱ्यात पडून होती. रिकामी बॅटरी तशीच पडू देणं हे तिला पिळण्यापेक्षाही वाईट असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मामा परत आला तो थेट विहारात. त्यानं डबी उघडली आणि आत पाहिलं. मग नखानं काहीतरी टोकरून काढलं आणि तळहातावर धरलं. सरकी होती. पट्टीच्या मागं, स्प्रिंगच्या बाजूला अशी बसवलेली, की चुंबकानं सोडली तरी पट्टी मागं जाऊच शकली नसती.

आधी त्यानं मुलांकडे पाहिलं. मुलं शपथा घ्यायला लागली. लहानूजीही आवाज ऐकून आत आले होते. मामा त्या पाचांतल्या सर्वांत खोडकर पोराच्या कानाला हात घालणार, तेवढ्यात दारातून सखुमावशी बोलली.

"त्याले काऊन धरतं गा? मी घातली."

"तू? काऊन व मावशी?"

"थो दिवा गेला असता तं पोट्टी घरी बसली असती."

"मंग मले सांगाव नं."

"तुले काय सांगू? तू मनतं दिवा गेलाच पायजे. लहानूजी मनते दिवा जाऊच नाई. मी तुमा दोघाइच्या मधात सरकी घातली."

मग लहानूजी हसले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला आणि पोरांनी पाणी आणून दिलं. मामा हसला नाही. तो बॅटरीपाशी उकिडवा बसला, एकेक बूच काढून आत पाहू लागला. पट्ट्यांवर पांढरं धरायला लागलं होतं. सखुमावशीनं ते पाहिलं, आणि मघाचा तिचा सगळा ताठा उतरला. तिनं हळूच विचारलं, मेली का? मामा म्हणाला, अजून सांगता येत नाही.

परीक्षा तोंडावर आली होती. बॅटरी जिनात गेली. मामानं सांगितलं, पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला कुणी पुरणपोळी वाढत नाही, पेज पाजतात. तसं हिलाही अगदी थोडी थोडी वीज देत राहायचं, दिवसचे दिवस. घाई केली तर पट्ट्या झडतील. जिनातल्या एका कोपऱ्यात, रुई पोचणार नाही अशा जागी ती ठेवलेली होती, आणि जिनात जाणाऱ्या बाया येता-जाता तिच्याकडे पाहून घ्यायच्या. रस्त्यात मामा दिसला की लोक विचारायचे, कशी आहे? घरात कुणी आजारी असावं तसं. मामाकडं काचेची पिचकारी होती, तिच्यात बॅटरीतलं तेजाब ओढलं की आतला काचेचा तरंग, म्हणजे तरंगती नळी, वर-खाली व्हायचा. तरंग वर आला म्हणजे जीव धरतोय. आज जरा वर आहे, तो सांगायचा. आणि त्या दिवशी मोहल्ला नीट जेवायचा. सखुमावशी रोज जिनातून परतताना त्याच्याकडून तरंग पाहून यायची आणि चिमटीत अंतर धरून आम्हाला दाखवायची, एवढा वर. माझ्या आठवणीत ते अंतर रोज वाढत जातं. खरं तसं नसेल.

ते दिवस आम्ही उन्हाच्या भरवशावर काढले. शाळा सुटली की नदीच्या वाळूत काकडी-डांगराच्या वाड्या होत्या तिथं जायचो. पाणी आटून वणा एका बाजूनं वाहत असायची, वाळूत हिरवे वेल पसरलेले, वेलांवर शिंपलेल्या पाण्याचा वास. वाडीवाली बाई आम्हाला पाखरं हाकायच्या बोलीवर बसू द्यायची. मोठ्यानं वाचलं की पाखरं आपोआप उडायची, म्हणून तिला आमचा संस्कृतचा अभ्यास फार आवडायचा. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच असायचो. अक्षरं अंधुक व्हायला लागली की मी मान वर करायची. मुलं आणि मी वेगवेगळ्या वाटांनी घरी जायचो. ही वेगळी वाट कुणी सांगितली नव्हती, आम्हीच धरली होती.

त्याच दिवसांत मी मायकडे नीट पाहिलं असं मला वाटतं. हंगामात ती अर्धी पाळी जास्तीची घ्यायची. परतून भाकरी थापायची आणि जेवायला बसली की घास हातात धरूनच पेंगायची. मी तिच्या हातातला घास काढून ताटात ठेवायची. आपल्याकडे शेवटच्या थेंबापर्यंत झिजणाऱ्या माणसाचं फार कौतुक आहे. भाषणात, सत्काराच्या हारात, मेल्यानंतरच्या बोलण्यात तेच असतं, काही राखून ठेवलं नाही. मी शिक्षिका झाल्यावर अशी भाषणं मीही ऐकली आणि टाळ्याही वाजवल्या. पण ज्यानं पांढऱ्या पडलेल्या पट्ट्या पाहिल्या आहेत त्याला ते वाक्य ऐकताना आत कुठंतरी खुपतं. एका संध्याकाळी माय लवकर घरी आली. जास्तीची पाळी सोडली म्हणाली. मी कारण विचारलं, तर चूल फुंकता फुंकता म्हणाली, "किसन्यानं मले बी कटौट लावला." मामानं तिला काय सांगितलं होतं ते मला कधीच कळलं नाही. परीक्षा होईपर्यंत तिनं ती जास्तीची पाळी पुन्हा घेतली नाही, आणि रात्री जेवताना ती जागी असायची, माझ्याशी बोलायची. मी पुढं बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. त्याचं श्रेय देताना मी अनेकांची नावं घेते, पण मनात पहिलं येतं ते हे, की त्या महिन्यात माझ्या समोर बसून माय गरम भाकरी खात होती.

बॅटरी परत आली. दोन पोरांनी काठीला झोळी बांधून ती आणली आणि मागून मामा, जणू वरातीत चाललाय असा. बरी झाली होती, पूर्वीइतकी नाही, पण परीक्षा काढेल म्हणाला. डबीही नवी होती. त्यानं एक गोष्ट वाढवली होती. पट्टी मागं गेली की ती आता दुसऱ्या एका तारेला टेकणार होती, आणि त्या तारेला सायकलच्या डायनामोचा एवढासा बल्ब होता. मोठा दिवा सुटला की त्याच क्षणी हा लहान दिवा लागणार. वाचता येणार नाही इतका बारीक, पण पुस्तकं आवरायला, चपला शोधायला आणि एकमेकांची तोंडं दिसायला पुरेल इतका. तो थोडीच वीज पितो, मात्र सगळे बाहेर पडले की तोही बंद करायचा. ते काम पुन्हा सखुमावशीचं.

"तिचंच?" मी विचारलं.

"तिचंच," मामा म्हणाला. "तिच्याइतकं लक्ष कोनाचं हाय त्या पट्टीकडं?"

लहानूजींना बोलावून आणलं. खोलीत गर्दी झाली, बाया दारात, पोरं खिडकीत. मामानं सखुमावशीला पट्टी दाबायला सांगितली. तिनं हात लुगड्याला पुसले. पट्टी दाबली. दिवा लागला, पण तिचं बोट निघेना. मामा म्हणाला, सोड. ती म्हणाली, राहील का? मामाही पट्टीकडेच बघत होता. तिनं बोट काढलं. पट्टी राहिली. माझ्या पुढं उभ्या असलेल्या मायचे खांदे एकदम खाली आले.

मग मामानं स्वतःच पट्टी मागं ओढून दाखवली. मोठा दिवा गेला, लहान लागला. लहानूजींनी त्या मिणमिणत्या उजेडात एकेकाकडे पाहिलं, माझ्याकडे, पाच मुलांकडे, दारातल्या बायांकडे.

"दिसते," ते म्हणाले. "सगळे दिसते." आणि ते बाहेर जाऊन ओट्यावर आपल्या जागी बसले.

त्यानंतर आम्ही त्या दिव्याखाली ज्या शांतपणे बसलो तसं मी पुढं कुठंच बसले नाही, कॉलेजच्या ग्रंथालयातही नाही. डबीकडं बघायची गरज उरली नव्हती. ती सुटणार होती आणि सुटली तरी काही बिघडणार नव्हतं. भीती गेली की किती वाचून होतं याचं मला नवल वाटायचं. पूर्वी एका पानाला जितका वेळ लागायचा तितक्यात आता धडा व्हायचा. मुलंही बदलली. लाल दिव्यात सिद्धान्त उरकायची मर्दुमकी कुणी सांगेना. गणितात अडलं तर मुलं मला विचारायची, व्याकरणात अडलं तर मी त्यांना, आणि दारातून सखुमावशी मधेच म्हणायची की हे तर काल पाठ झालं होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भूमितीची उजळणी करत होतो. एक सिद्धान्त राहिला होता. मी अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात पट्टी सुटली. मोठा दिवा गेला, लहान लागला. मुलांनी पुस्तकं मिटली. कुणी कुरकुर केली नाही, एकानं जांभई दिली, एकेक जण चपला शोधून बाहेर पडला. मी मात्र उठून डबीपाशी गेले. मला माहीत होतं, दाबून धरली तर जळेल. फक्त तो एक सिद्धान्त होईपर्यंत बोट ठेवायचं. मी हात पुढं केला आणि सखुमावशीनं माझं मनगट धरलं.

"राहू दे व," ती म्हणाली. "थोडं उरू दे. उद्या सकाळी तुलेच लागन."

बॅटरीतलं सकाळी मला कसं लागणार, हे मी विचारलं नाही. ती बॅटरीबद्दल बोलत नव्हती. तिचा हात कामानं खरबरीत झालेला, ऊबदार, आणि पकड अशी की मला दिवसभरात पहिल्यांदाच झोप आली. मी पुस्तक मिटलं. बाहेर ओट्यावर लहानूजी आणि दोघंतिघं बसलेले दिसत होते, मुलं त्यांच्या बाजूनं घराकडे चालली होती. सखुमावशीनं माझं मनगट न सोडता दुसऱ्या हातानं लहान दिव्याचं बटण बंद केलं. सगळा काळोख झाला. ओट्यावरून कुणीही काही बोललं नाही. लहानूजींनी आपले पाय जवळ घेतले आणि आम्हाला वाट दिली.